दहा-नऊ-आठ: एका फोन क्रमांकाची आणि त्यामागच्या सरकारी पैशाची गोष्ट

फोन वाजतो. उचलणारी ताई आपले नाव सांगते, "बोल बाळा, मी ऐकतेय," म्हणते. पलीकडून शब्द येत नाही. श्वास ऐकू येतो, मागे कुठेतरी टीव्ही चालू असतो, कधी फलाटावरची घोषणा. मग फोन ठेवला जातो.

१०९८ या, संकटातल्या मुलांसाठीच्या 'चाइल्डलाइन' हेल्पलाइनच्या क्रमांकावर बसणारे लोक याला सायलेंट कॉल म्हणतात. एप्रिल २०१५ ते मार्च २०१८ या तीन वर्षांत या हेल्पलाइनवर सुमारे ३ कोटी ४० लाख कॉल आले आणि त्यांतले सुमारे १ कोटी ३६ लाख असे मुके होते. शंभरातले चाळीस. आपणहून फोन ठेवायचा नाही, घाई करायची नाही, मूल पुन्हा करील असे वाटू द्यायचे, अशी यामागची शिस्त. आज गप्प राहिलेले मूल चौथ्या किंवा पाचव्या वेळी बोलू शकते.

हे प्रकरण मी अभ्यासाला घेतले ते या मुक्या कॉलमुळेच. बालहक्कांसाठी सरकारने पैसे द्यावेत, याबद्दल आपल्यात फारसा वाद नाही. पण सरकारी पैसा ज्या कागदावरून जातो त्या कागदावर 'मूल गप्प होते, आम्ही ऐकत राहिलो' असे लिहायला रकाना नसतो. १९९६ पासून १०९८ चे जे झाले, त्यातला बराचसा भाग या नसलेल्या रकान्याने समजतो.

सुरुवात मुंबईची आहे. देवनारच्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसमध्ये शिकवणाऱ्या जेरू बिलिमोरिया नव्वदच्या दशकात रस्त्यावरच्या आणि स्टेशनांवरच्या मुलांमध्ये काम करत होत्या. रात्रनिवाऱ्यांत जात, मुलांशी गप्पा मारत आणि अडचण आली तर फोन करा म्हणून घरचा नंबर देऊन येत. मुले खरोखरच फोन करू लागली, तेही अवेळी. कुणी आजारी, कुणाला मारहाण झालेली, तर कुणी नुसतेच घाबरलेले. दिवसा मुलांसाठी संस्था होत्या, रात्री नव्हत्या, आणि रस्त्यावरच्या मुलांची संकटे बहुधा रात्रीचीच. एका बाईच्या घरच्या फोनवर जे चालले होते ते शहरभर करायचे, या विचारातून जून १९९६ मध्ये टाटा इन्स्टिट्यूटचा प्रकल्प म्हणून ही हेल्पलाइन सुरू झाली.

क्रमांक निवडताना मुलांचे ऐकले गेले, हे मला या प्रकरणातले सर्वांत मोलाचे वाटते. ज्यांना अक्षरओळख नाही त्यांनाही तोंडपाठ राहील असा, उलट मोजल्यासारखा 'दस-नौ-आठ'. मुंबईच्या फलाटावरच्या मुलाची हिंदी त्यात आहे. फोनवर बसणाऱ्यांत आणि धावून जाणाऱ्यांत स्वतः रस्त्यावर वाढलेली तरुण मुलेही होती. कुठल्या पुलाखाली कोण झोपते, कुठल्या हवालदाराशी कसे बोलायचे, हे त्यांना शिकवावे लागत नव्हते. तेव्हा मोबाइल सर्रास नव्हते. कॉल फुकट असला तरी पीसीओवाल्याला, म्हणजे सार्वजनिक फोनच्या बूथवाल्याला, त्यातून काही मिळत नसे, त्यामुळे मळक्या कपड्यांतल्या मुलाला रिसीव्हर हातात द्यायला तो तयार होईलच असे नव्हते. म्हणून मुलांइतकीच मेहनत पीसीओवाले, हमाल, रेल्वे पोलीस आणि सरकारी रुग्णालयांतल्या वॉर्डबॉयना समजावण्यात जाई.

मग सरकार आले. ते योग्यच झाले असे माझे मत आहे. भारताने ११ डिसेंबर १९९२ रोजी संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार स्वीकारला होता. मुलांचे रक्षण ही त्यामुळे कुणाच्या दयेची बाब उरली नव्हती, राज्याची जबाबदारी झाली होती. सामाजिक न्याय आणि सक्षमीकरण मंत्रालयाने हे काम देशभर न्यायचे ठरवले. १९९९ मध्ये चाइल्डलाइन इंडिया फाउंडेशन ही मध्यवर्ती संस्था उभी राहिली. पैसा मंत्रालयाचा, क्रमांक दूरसंचार खात्याचा आणि गावोगावचे काम स्थानिक स्वयंसेवी संस्थांचे, अशी ती रचना. शहरात एक संस्था फोन घेई आणि धावून जाई, दुसरी तिला पूरक असे. समाजकार्य महाविद्यालयासारखी एखादी संस्था प्रशिक्षण, नोंदी आणि समन्वय बघे. पोलीस, आरोग्य, शिक्षण आणि कामगार खात्यांचे अधिकारी एका सल्लागार मंडळात बसत. २००६ मध्ये महिला व बालविकास हे स्वतंत्र मंत्रालय झाले आणि काम तिकडे गेले. २००९-१० पासून एकात्मिक बाल संरक्षण योजनेत त्याला पक्की जागा मिळाली. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात तर 'चाइल्डलाइन सेवा' या शब्दांची व्याख्याच आहे. संकटातल्या मुलाला बालकल्याण समितीपुढे (अशा मुलांबाबत निर्णय घेणाऱ्या जिल्ह्याच्या समितीपुढे) कोण हजर करू शकतो त्या यादीतही तिचे नाव आहे. अध्यापिकेच्या घरच्या फोनपासून संसदेच्या कायद्यापर्यंत पोचायला सुमारे दोन दशकेच लागली, आणि सरकारी पैशाशिवाय हे झाले नसते. २०२३ च्या सुमारास ही सेवा ५६८ जिल्ह्यांत, १३५ रेल्वे स्थानकांवर आणि ११ बसस्थानकांवर होती. हजाराहून अधिक केंद्रे होती. एवढा पसारा देणग्यांवर उभा राहत नाही.

या पसाऱ्यात एक छोटी गोष्ट होती, तिच्यापाशी थांबायला हवे. तिचे नाव ओपन हाउस. महिन्यातून एकदा, वस्तीत किंवा स्टेशनाजवळच्या एखाद्या खोलीत मुलांना एकत्र बसवायचे आणि सेवेबद्दल त्यांनाच विचारायचे. फोन लागला का, किती वेळाने कुणी आले, आलेला माणूस कसा बोलला, दवाखान्यात काय झाले, या भागात कशाची भीती वाटते? कार्यकर्त्यांनी तिथे ऐकायचे, सफाई द्यायची नाही. साठ मिनिटांत मुलापर्यंत पोचायचे हे चाइल्डलाइनचे उद्दिष्ट कागदावर कुणीही पुरे करून दाखवील. पण समोर बसलेला बारा वर्षांचा मुलगा 'दोन तास लागले' म्हणाला की कागद गप्प बसतो.

बालहक्क करारातले बारावे कलम सांगते की मुलाशी संबंधित प्रत्येक गोष्टीत मत मांडण्याचा त्याला हक्क आहे आणि त्या मताला योग्य वजन मिळाले पाहिजे. आपल्या बाल न्याय कायद्याच्या तिसऱ्या कलमातही सहभागाचे तत्त्व आहे. मुलांचे प्रतिनिधित्व म्हटले की बालसंसदेतले भाषण, बालदिनाला जिल्हाधिकाऱ्यांच्या खुर्चीत बसलेली मुलगी आणि तिचा फोटो आपल्या डोळ्यांपुढे येतो. त्यालाही मी नावे ठेवत नाही, त्या मुलीला त्या दिवशी काहीतरी मिळतेच. पण स्टेशनवरच्या मुलाने आपल्यासाठी चाललेल्या सरकारी सेवेला तोंडावर नापास करणे, हे प्रतिनिधित्व माझ्या मते जास्त खोल आहे. ओपन हाउस ही तशी जागा होती. ती सगळीकडे सारखी चालली नाही. काही ठिकाणी ती खाऊवाटपाचा कार्यक्रम झाली. तरी कामाच्या पद्धतीत तिला नाव होते आणि महिन्याचा दिवस होता.

पैशाचा प्रवास मात्र लांबचा होता. मंत्रालयाकडून फाउंडेशनकडे, फाउंडेशनकडून जिल्ह्यातल्या संस्थेकडे, तिथून कार्यकर्त्याच्या खात्यात. हप्ता उशिरा येई. आधीच्या हप्त्याचे उपयोगिता प्रमाणपत्र (पैसा ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला), लेखापरीक्षण, त्रुटींची पूर्तता, मग पुढचा हप्ता. अनुदानावर चालणाऱ्या कुठल्याही संस्थेतल्या माणसाला ही साखळी पाठ असते. मोठ्या संस्था दुसऱ्या निधीतून वेळ मारून नेत, लहान संस्थांची माणसे तीन-तीन महिने बिनमानधनाची राहत. मानधनही तुटपुंजे. रात्री दोनला एसटी स्टँडवर जाऊन रडणाऱ्या मुलीशेजारी बसणे हे ज्या अनुभवाने जमते, तो अनुभव अशा मानधनावर फार दिवस टिकत नाही. माणूस सोडून जातो, नवा येतो, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. २०२३ पासून सरकारने ही सेवा स्वतः चालवायला घेतली, त्यापूर्वीच तिला लागलेली ही कीड होती, हे मान्य केल्याशिवाय पुढचे प्रामाणिकपणे लिहिता येणार नाही.

टाळेबंदी लागली त्या दिवसांत या क्रमांकाची खरी परीक्षा झाली. २० ते ३१ मार्च २०२० या बारा दिवसांत १०९८ वर तीन लाखांहून अधिक कॉल आले. शाळा बंद, शिक्षक दूर, शेजाऱ्यांची दारे लावलेली. मुलाला त्रास देणारा माणूस पुष्कळदा त्याच खोलीत. बाहेरच्या जगाकडे उघडणारी एकच फट उरली होती आणि ती चार आकड्यांची होती.

त्यानंतर धोरण बदलले. २०२१-२२ पासून जुनी बाल संरक्षण योजना 'मिशन वात्सल्य' झाली आणि जुलै २०२२ मध्ये तिची मार्गदर्शक तत्त्वे आली. त्यांनुसार हेल्पलाइन राज्य आणि जिल्हा यंत्रणांनी चालवायची ठरले. राज्यपातळीवर महिला व बालविकास विभागाचा नियंत्रण कक्ष, जिल्ह्यात जिल्हा बाल संरक्षण कक्षाला जोडलेले चाइल्ड हेल्पलाइन युनिट आणि आणीबाणीच्या ११२ क्रमांकाशी तांत्रिक जोडणी. जोडणीचे काम सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेकडे गेले. २०२३ च्या मध्याला पहिल्या टप्प्यात नऊ राज्ये आणि केंद्रशासित प्रदेश बदलले, त्यांत आपला गोवा होता. मग महाराष्ट्रासह इतर राज्ये. क्रमांक १०९८ च राहिला. मुलांनी निवडलेला आकडा बदलला नाही याचे मला फार बरे वाटते.

मंत्रालयाचे म्हणणे पोकळ नव्हते. संस्थेकडे आलेला कॉल पोलीस, अग्निशमन किंवा रुग्णवाहिकेपर्यंत जायला वेळ लागतो, यंत्रणा एकमेकींशी बोलत नाहीत, मुलांची नाजूक माहिती सरकारबाहेर राहते. शिवाय मुलांचे रक्षण ही राज्याची जबाबदारी असेल तर ती राज्याने स्वतःच्या हाताने का उचलू नये? वर्षानुवर्षे बालहक्काच्या परिषदांत आम्ही हेच मागत होतो. दुसऱ्या बाजूच्या संस्थांची मुख्य चिंता पोलिसांबद्दल होती. घरातून पळालेले, बालमजुरीतून सुटलेले किंवा चोरीच्या संशयाने एकदा मार खाल्लेले मूल खाकीच्या सावलीला घाबरते. फोन पोलीस ठाण्यात वाजेल असे वाटले तर ते फोनच करणार नाही. मंत्रालयाने खुलासा केला की १०९८ चे कॉल महिला व बालविकासचेच लोक घेतील, तातडीचे तेवढेच ११२ कडे जातील. खुलासा आवश्यक होता. तो मुलांपर्यंत, त्यांच्या भाषेत, फलाटावर आणि पालावर पोचवण्याचे काम परिपत्रकाने होत नाही.

बदल जिल्ह्यात कसा दिसतो ते एका नेहमीच्या प्रसंगातून पाहू. हा कुणा एका मुलीचा किस्सा नव्हे, मराठवाड्यातल्या कामाचा हा साचा आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्क्यांचे लग्न अठराव्या वर्षापूर्वी झालेले आढळले. ऊसतोडीच्या पट्ट्यात चित्र याहून वाईट. मुलीला एकटी मागे ठेवून कारखान्यावर जायचे नाही, आणि कोयत्याला, म्हणजे ऊसतोडीच्या कामाला, नवरा-बायकोची जोडी लागते, म्हणून दिवाळीच्या आसपास लग्न उरकले जाते.

फोन येतो तो पुष्कळदा वर्गमैत्रिणीचा, कधी खुद्द मुलीचा. "उद्या हळद आहे, माझं नाव सांगू नका." एवढेच. ग्रामीण भागात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणजे ग्रामसेवक. निरोप जिल्ह्याच्या युनिटकडून ग्रामसेवकाकडे, पोलीस ठाण्याकडे, अंगणवाडी सेविकेकडे जातो. माणसे मांडवात पोचतात. शाळेचा दाखला मागतात, आई-वडिलांकडून हमीपत्र लिहून घेतात, मुलीला बालकल्याण समितीपुढे हजर करायला सांगतात. कायद्याने झाले ते बरोबर झाले.

पण फोन कुणी केला, हा प्रश्न गावात त्याच रात्री सुरू होतो. ग्रामसेवकाला त्याच गावात घरपट्टी वसूल करायची असते. सेविका त्याच आळीत राहते. पूर्वी बाहेरून येणारा संस्थेचा कार्यकर्ता ही सगळी नाराजी अंगावर घेऊन परत जाई, आठवड्याने 'सहज' पुन्हा येई आणि मुलीला एकटीला गाठून विचारी. हे पुन्हा येणेच सगळ्यात महत्त्वाचे, कारण थांबवलेले लग्न महिन्याभरात नातेवाइकांच्या गावी गुपचूप होऊ शकते. आता ती जबाबदारी जिल्हा युनिटच्या केस वर्करवर आहे. तो कंत्राटी असतो. जिल्हा आठ-दहा तालुक्यांचा. फेरीला गाडी लागते, गाडीला डिझेल लागते आणि डिझेलच्या बिलाला मंजुरी. मला या माणसांची बाजू घ्यायची आहे. त्यांच्यातले कितीतरी मनापासून राबतात. परंतु लग्न थांबवल्याची एक नोंद आणि त्या मुलीकडे सहा महिन्यांत चारदा जाण्याची नोंद यांतली पहिलीच मासिक अहवालात झळकते.

इथे अंदाजपत्रक उघडून बघावे. मिशन वात्सल्यला २०२२-२३ मध्ये १,४७२.१७ कोटी रुपयांची तरतूद होती. २०२३-२४ मध्ये १,४७२ कोटी, २०२४-२५ मध्ये पुन्हा १,४७२ कोटी, २०२५-२६ मध्ये १,५०० कोटी. ज्या काळात या योजनेने देशभरची हेल्पलाइन आपल्या अंगावर घेतली त्याच काळात आकडा जागचा फारसा हलला नाही. महागाई धरली तर तो आतून आक्रसला. आणि एवढ्यातच बालगृहे, निरीक्षणगृहे, दत्तक यंत्रणा, बालसंगोपनाचे अनुदान, बालकल्याण समित्या, बाल न्याय मंडळे हे सगळे. देशात अठराखालची मुले चाळीस कोटी धरली (खरी संख्या त्याहून अधिक आहे) तरी केंद्राचा हा पैसा मुलामागे वर्षाला ३८ रुपयेही होत नाही. बहुतेक राज्यांत खर्चाची वाटणी ६०:४० आहे, ईशान्येकडील आणि हिमालयातील राज्यांत ९०:१०. राज्याचा वाटा वेळेवर आला नाही की केंद्राचा पुढचा हप्ताही अडतो. जुन्या साखळीत फाउंडेशन होते त्या जागी आता राज्याचे कोषागार आहे, साखळी तेवढीच लांब.

ओपन हाउसचे काय झाले, हा माझा प्रश्न. हस्तांतराच्या काळात वर्तमानपत्रांत मंत्रालयाचे म्हणणे वाचले, संस्थांचे वाचले, नोकरी जाण्याच्या भीतीने धास्तावलेल्या कार्यकर्त्यांचे वाचले. ज्या मुलांचा हा फोन, त्यांच्या बैठकीतून आलेले मत वाचायला मिळाले नाही. यात कुणाची दुष्टबुद्धी होती असे मी म्हणत नाही. हस्तांतर करताना यादी केली जाते: क्रमांक, दूरध्वनी वाहिन्या, सॉफ्टवेअर, पदे, फर्निचर. मुलांनी महिन्यातून एकदा गोल बसून तुम्हाला नापास करण्याची सवय कुठल्याही मालमत्ता-नोंदवहीत चढत नाही. सरकारी कामात जे शासन निर्णयात नाही आणि ज्याला लेखाशीर्ष (अंदाजपत्रकात खर्चाचे वेगळे खाते) नाही ते पुढच्या अधिकाऱ्याच्या मर्जीवर जगते.

ते निर्णयात आणता येते हे शेजारच्या कर्नाटकाने दाखवले आहे. तिथे २००६ पासून ग्रामपंचायतींना मुलांची ग्रामसभा, 'मक्कळ ग्रामसभा', भरवण्याचा सरकारी आदेश आहे. त्यामागे कामकरी मुलांच्या संघटनेचे आणि तिच्यासोबतच्या संस्थांचे कित्येक वर्षांचे काम होते. सगळ्या पंचायती ती मनापासून घेतात असे नाही. पण शाळेच्या वाटेवरचा ओढा, मुलींचे स्वच्छतागृह, गुत्त्यासमोरून जायची भीती या गोष्टी पंचायतीच्या इतिवृत्तात मुलांच्या तोंडून लिहिल्या जातात आणि पंचायतीला त्यावर उत्तर द्यावे लागते. इच्छा असलेल्या शिक्षिकेच्या हातात आदेशाचा कागद असतो, हा फरक लहान नाही.

म्हणून हिशेब मांडून बघितला. देशात साधारण ७८० जिल्हे आहेत. प्रत्येक जिल्ह्याच्या हेल्पलाइन युनिटने महिन्याला एक ओपन हाउस घ्यायचे. पालावरच्या, वीटभट्टीवरच्या आणि वसतिगृहातल्या मुलांचे येण्याजाण्याचे भाडे, पोहे-केळी, मोठे कागद, स्केचपेन, मुलांच्या बोलीत बोलणारे एक माणूस, यासाठी महिन्याला पाच हजार रुपये. वर्षाचे होतात ४ कोटी ६८ लाख. दीड हजार कोटींत ते शंभर रुपयांमागे एकतीस पैसे पडतात. सोबत दोन अटी हव्यात. बैठकीचे इतिवृत्त मुलांनी सांगितलेल्या शब्दांत लिहायचे, त्यात मुलाचे नाव-गाव येऊ द्यायचे नाही. आणि पुढच्या महिन्याच्या बैठकीची सुरुवात, मागच्या वेळी मुलांनी काय सांगितले होते व त्याचे काय झाले, हे जिल्हा बाल संरक्षण अधिकाऱ्याने उभे राहून सांगण्यानेच करायची.

मासिक अहवालाच्या नमुन्यात आणखी एक रकाना वाढवावा लागेल: 'मुके कॉल, आणि त्यांपैकी पुन्हा आलेले'.